पन्हळी रस्त्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातला सुमारे 660 किलोमीटर लांबीचा गिब रिव्हर रोड मुळात गुरे वाहून नेण्यासाठी तयार झाला. आज त्यावरून हौशी प्रवासी गाडीमागे कॅम्पिंग ट्रेलर ओढत नेतात. त्याच्या कच्च्या पट्ट्यांत जमीन पन्हळी पत्र्यासारखी होते. दोन लाटांत एक मीटर अंतर धरले, तरी 500 किलोमीटरमध्ये प्रत्येक चाकाला सुमारे पाच लाख धक्के बसतात, आणि सांगाडा आखताना हाच आकडा डोळ्यांसमोर हवा.

हलक्या ट्रेलरचा मोह स्वाभाविक आहे. चाकांवरचा भार 750 किलोच्या आत राहिला, तर ऑस्ट्रेलियात ट्रेलरला स्वतंत्र ब्रेकची सक्ती नसते. अ‍ॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच, त्यामुळे त्याच मापाची तुळई तिप्पट वाकते. उपाय भूमितीत सापडतो. भरीव आयताकृती तुळईचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, रुंदी तीच ठेवून उंची 1.44 पट केली की पोलादाइतका ताठपणा निम्म्या वजनात मिळतो. (प्रत्यक्षात पोकळ चौकोनी नळ्या वापरतात, तत्त्व तेच.)

खरी अडचण जोडांची. 6061-टी6 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला उष्णतेच्या संस्कारातून बळकटी येते: मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत विखुरतात व त्याला कायमचा बाक येऊ देत नाहीत. वेल्डिंगच्या आचेने ही रचना बिघडते आणि जोडाशेजारच्या पट्ट्यात ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. शिवाय ठरावीक मर्यादेखालचे धक्के पोलाद कितीही वेळा पचवू शकते, अ‍ॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादाच नाही. लहान धक्क्यांचीही नोंद आत साचत जाते. म्हणून जाणता कारागीर मुख्य तुळईच्या खालच्या कडेवर आडवा वेल्ड टाळतो आणि आडव्या पट्ट्या तिच्या उंचीच्या मध्यावर जोडतो, कारण तिथे वाकण्याचा ताण जवळपास शून्य असतो. गाडीला जोडणारा दांडा जिथे पेटीखाली शिरतो, ती जागा सर्वांत धोक्याची. माझ्या मते वाचवलेल्या वजनातले दोन-चार किलो तिथे सढळ हाताने परत द्यावेत.

सस्पेन्शनचे भाग मात्र बहुधा पोलादीच असतात, आणि खारट ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना भिडले की झिजते ते अ‍ॅल्युमिनियम, त्यामुळे बसवण्यापूर्वी दोहोंमध्ये विद्युतरोधक लेपाचा थर द्यावा लागतो.