रानडुकराच्या पाठीवरून: जुन्या इंग्रजी म्हणींची पार्श्वभूमी

'दाऊ' (तू), 'दाय' (तुझा), 'गोएथ' (जातो) असे इंग्रजी शब्द आले की ते वचन फार प्राचीन असावे, असे आपल्याला वाटते. ही भाषा बहुतेकांच्या कानावर आली ती १६११ च्या 'किंग जेम्स बायबल' या इंग्रजी भाषांतरातून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या १९ वर्षे आधीची. आधीच्या भाषांतरांवर बेतलेली असल्यामुळे ती त्या काळीही थोडी जुन्या वळणाचीच होती. खरी जुनी इंग्रजी त्याही आधी सहाशे वर्षांची. ती आजच्या इंग्रज माणसाला मुद्दाम शिकल्याशिवाय वाचता येत नाही.

त्या भाषेतली वचने आपल्यापर्यंत पोचली ती मठांतल्या लेखनिकांमुळे. दहाव्या शतकातले एक कवितांचे हस्तलिखित बिशप लिओफ्रिक याने इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलला, म्हणजे मुख्य चर्चला, दिले. लिओफ्रिक १०७२ मध्ये वारला, पोथी अजून तिथेच आहे. तिच्या पानांवर सुरीचे वार आहेत, शेवटची पाने जळालेली आहेत. मधली कितीतरी शतके तिची किंमत कुणाला कळलीच नव्हती, हे त्यातून दिसते आणि वाईट वाटते. तिच्यातल्या वचनांच्या कवितेत म्हटले आहे: हिवाने गोठवावे, आगीने लाकूड खावे, मातीने उगवावे, बर्फाने पूल बांधावा. मुळातले क्रियापद 'शेआल' (sceal). त्यात 'असे होतेच' आणि 'असे व्हावे' हे दोन्ही अर्थ आहेत. निसर्गाची रीत आणि माणसाचे कर्तव्य एकाच शब्दात बसतात, म्हणून ही कविता थंडीवरून माणसाकडे सहज वळते. मग उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसियन लोकांतल्या एका खलाशाची बायको येते. जहाज किनाऱ्याला लागते, ती नवऱ्याला घरात बोलावते, समुद्रात मळलेले त्याचे कपडे धुते, नवे देते. पुढे लगेच हेही येते की नवरा दूर गेल्यावर सगळ्याच बायका अशा राहत नाहीत. उपदेशाच्या कवितेत एवढा घरगुती प्रसंग आला आहे, तो मला तिच्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

याहून वेगळा सूर इंग्लंडमधल्याच डरहॅमच्या म्हणींचा. अकराव्या शतकातल्या ज्या हस्तलिखितात स्तोत्रे आणि लॅटिनचे व्याकरण आहे, त्यातच या ४६ म्हणी उतरवलेल्या आहेत. प्रत्येक म्हण दोनदा, एकदा लॅटिनमध्ये आणि एकदा लोकांच्या बोलीत. ओलोफ आर्नगार्ट या अभ्यासकाने १९५६ मध्ये त्या संपादित करून छापल्या. 'मित्र दूर असो वा जवळ, कामाचाच. जवळचा जास्त कामाचा,' अशी एक म्हण आहे. 'फार आधी भिऊ नये, फार आधी हरखू नये,' अशी दुसरी. आणि एक तर थेट बांधावरून उचललेली: '"आता सगळे डुकराच्या मर्जीवर," असे रानडुकराच्या पाठीवर बसलेला शेतकरी म्हणाला.' परिस्थिती हातातून गेली की माणूस काय बोलतो, ते कुणा लेखनिकाने नीट ऐकून ठेवले आहे. लॅटिनच्या शेजारी ही गावरान बोली बसवताना त्याला संकोच वाटला नाही, याचे मला फार अप्रूप आहे.

१०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, पण म्हणी लोकांच्या तोंडी राहिल्या. बाराव्या शतकात रचलेली काही वचने राजा आल्फ्रेडच्या नावावर 'असे आल्फ्रेड म्हणाला' म्हणून फिरू लागली. आल्फ्रेड तर ८९९ मध्येच वारला होता. शहाणपणाला मोठे नाव चिकटवायची ही सवय आपल्यालाही नवी नाही. घोड्याला पाण्यावर नेता येते, पाजता येत नाही, ही म्हण साधारण ११७५ च्या एका प्रवचनात सापडते आणि आजही चालू आहे. पुढे १५४६ मध्ये जॉन हेवूड या इंग्रज लेखकाने लग्नाविषयीच्या एका पद्यसंवादात म्हणींची रास ओतली. 'रोम एका दिवसात बांधले गेले नाही' ही म्हण त्यात आहे. मराठीत आपण ती जशीच्या तशी उचलली.

म्हणी गोळा करण्याची ही इंग्रजी हौस पुढे आपल्याकडेही पोचली. १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून रेव्हरंड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह निघाला. डरहॅमच्या पानांवर लॅटिनशेजारी शेतकऱ्याची इंग्रजी होती. इथे मराठीशेजारी इंग्रजी होती.