पोट आवळून आतला रक्तस्राव थांबत नाही
बैलानं पोटात शिंग खुपसलं की आमच्या विदर्भातल्या गावांत आधी दुपट्टा निघतो. ‘कचकचून बांधा, आतलं रक्त थांबते!’ नाही थांबत. उलट घात होतो.

रक्त गेलं की मेंदू-हृदय वाचवायला शरीर आतड्यांचा पुरवठा स्वतःच तोडू लागतं. त्यात पोट आवळलं की आतला दाब चढतो. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये पाहा: सरासरी रक्तदाब 90, पोटातला दाब 6, आतड्यांत रक्त ढकलायला 84 उरतात. रक्तस्रावानं 90 चे 60 झाले, पोटात 20 झाले, तर उरले 40. पहिला मार आतड्याच्या अस्तराला.

हातापायाची वाहती जखम दाबून धरणं वेगळं, ते कराच. आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका. ओल्या, स्वच्छ कापडानं झाका. पाणी पाजू नका. 108 लावा.