गोल्फ मैदाने व रिसॉर्टांची खरेदी

नामांकित गोल्फ मैदान, त्याला जोडलेले हॉटेल किंवा क्लबगृह आणि भोवतालची जमीन एखाद्या धनाढ्य व्यक्तीने, कुटुंबाने किंवा गुंतवणूक कंपनीने विकत घेण्याची प्रथा. मालमत्तेच्या व्यवसायात अशा मिळकतीला ‘ट्रॉफी मालमत्ता’ म्हणतात. तिच्या किमतीत उत्पन्नापेक्षा नावाचा वाटा मोठा असतो, हा या शब्दाचा रोख. मोकळ्या जमिनीवर नवे मैदान उभारणे ही वेगळी बाब असून तिचा विचार येथे केलेला नाही.

आरंभ : प्रथेचा आरंभ कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे उदाहरण बहुधा सर्वांत आधीचे म्हणून दिले जाते. कर्जात बुडालेल्या तेथील नगरपरिषदेने १७९७ मध्ये समुद्रकाठची ‘लिंक्स’ जमीन हातावेगळी केली आणि लवकरच ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेली. त्यांनी तेथे विक्रीसाठी ससे पाळले. सशांनी जमिनीत बिळे केली, खेळणारे चिडले आणि प्रकरण न्यायालयात जाऊन वीसएक वर्षे रेंगाळले. अखेर १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेऊन सशांचा बंदोबस्त केला. त्यांच्या वारसांकडून १८९३ मध्ये ती तेथील रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबकडे आणि १८९४ च्या कायद्याने पुन्हा नगरपरिषदेकडे आली. १९७४ पासून तिची व्यवस्था एक न्यास पाहतो. चीप यांना आद्य ‘गुंतवणूकदार’ म्हणणे ओढाताणीचे वाटते, कारण त्यांनी नफ्यासाठी खरेदी केल्याचे दिसत नाही. तरीही हा व्यवहार पुढच्या अनेक व्यवहारांचा नमुना ठरतो. जमीन चीप यांची झाली, पण तिच्यावर खेळण्याचा गावकऱ्यांचा जुना हक्क त्यांना विकत घेता आला नाही.

दुसरे मत ही प्रथा रेल्वे कंपन्यांपासून धरते आणि तेच अधिक ग्राह्य दिसते. मैदान, हॉटेल व प्रवासी यांची सांगड घालून नावालाच विक्रीमूल्य देण्याचे काम प्रथम त्यांनी केले. स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचे हॉटेल १९०६ मध्ये सुरू झाले. कॅलेडोनियन रेल्वेने आखलेले ग्लेनईगल्स हॉटेल १९२४ मध्ये उघडले, तोवर ती कंपनी मोठ्या समूहात विलीन झाली होती. अमेरिकेत चेसापीक अँड ओहायो रेल्वेने १९१० मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील ग्रीनब्रायर घेतले. दुसऱ्या महायुद्धाचा काळ सोडल्यास ते शतकभर रेल्वेच्याच ताब्यात राहिले. २००९ मध्ये दिवाळखोरीच्या सावलीत कोळसा उद्योजक जिम जस्टिस यांनी ते अवघ्या २ कोटी डॉलरांच्या आसपास विकत घेतले. ब्रिटनमधील रेल्वे हॉटेले १९४८ मध्ये सरकारी झाली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी खाजगी हातांत गेली. आजचा खरेदी-विक्रीचा बाजार तेव्हापासून मोकळा झाला असे म्हणता येईल.

पेबल बीच : कॅलिफोर्नियातील हे मैदान १९१९ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी सॅम्युएल एफ. बी. मोर्स यांच्या डेल मॉन्टे प्रॉपर्टीज कंपनीने ही मिळकत पॅसिफिक इम्प्रूव्हमेंट कंपनीकडून घेतली. १९७९ मध्ये ती ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीकडे गेली आणि १९८१ मध्ये फॉक्सबरोबरच तेलव्यवसायातील मार्व्हिन डेव्हिस यांच्या हाती आली. १९९० मध्ये जपानी उद्योजक मिनोरू इसुतानी यांनी ती विकत घेतली. किमतीचे आकडे थोडेफार वेगळे आढळतात. ८४ कोटी डॉलरांच्या जवळपासचा आकडा बहुतेकांनी स्वीकारला आहे. एवढी रक्कम ग्रीन फी (मैदानावर एक फेरी खेळण्याचे शुल्क) आणि हॉटेलच्या भाड्यातून वसूल होणारी नव्हती. खाजगी सदस्यत्वे विकायची, तीही तत्कालीन वृत्तांनुसार प्रत्येकी सुमारे ७.४ लाख डॉलरांना, असा बेत होता. तो कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनपुढे अडला. किनाऱ्यावरील सार्वजनिक वावराचे रक्षण हे १९७६ च्या किनारा कायद्यानुसार या आयोगाचे काम आहे. पेबल बीच तोवर कोणालाही फी भरून खेळता येणारे मैदान होते आणि ते तसेच राहावे, असा आयोगाचा आग्रह राहिला. कर्जाचे व्याज मात्र थांबणारे नव्हते. १९९२ मध्ये मिळकत सुमारे ५० कोटी डॉलरांना दुसऱ्या जपानी समूहाकडे गेली. १९९९ मध्ये पीटर युबेरॉथ, क्लिंट ईस्टवुड, आर्नोल्ड पामर व डिक फेरिस यांच्या पुढाकाराने अमेरिकी गटाने ती ८२ कोटी डॉलरांना परत मिळवली. दोन वर्षांच्या आत तीसएक कोटी डॉलर बुडाल्याचे इसुतानी यांचे उदाहरण या विषयात सर्वाधिक उद्धृत होते.

सदस्यत्व ठेव : इसुतानी यांचा हिशेब त्यांच्या देशातील रूढीवर बेतलेला होता, म्हणून ती रूढी समजून घ्यावी लागते. जपानी क्लबात प्रवेश घेणारा सदस्य मोठी बिनव्याजी ठेव ठेवतो. ती ठरावीक मुदतीनंतर, बहुधा दहा वर्षांनी, परत मागता येते. सदस्यत्वाचे प्रमाणपत्र दलालांमार्फत विकताही येते. १९८० च्या दशकात या प्रमाणपत्रांचे भाव शेअरांसारखे छापून येत. टोकियोजवळील कोगानेई क्लबसारख्या ठिकाणी एकेक सदस्यत्व कित्येक कोटी येनला पोहोचले. बाजारभाव ठेवीपेक्षा जास्त असेपर्यंत ठेव परत मागण्यात कोणाला रस नव्हता. क्लबांनीही तो पैसा आपलाच समजून नव्या मैदानांत आणि परदेशी खरेदीत गुंतवला. वास्तविक ताळेबंदात ही ठेव देणे म्हणूनच धरायला हवी. १९९० नंतर जमिनीचा फुगा फुटला, प्रमाणपत्रांचे भाव ठेवीच्या खाली गेले आणि मुदत संपताच सदस्य रांगेत उभे राहिले. अनेक क्लबांचे दिवाळे निघाले.

यातून उलटी लाट आली. २००० मध्ये अमलात आलेल्या नागरी पुनर्वसन कायद्याने अशा क्लबांचे देणे कमी करून विक्री करणे सोपे झाले. गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार या अमेरिकी संस्थांनी मैदाने घाऊक भावात उचलली. त्यांतून ॲकॉर्डिया आणि पीजीएम या दोन मोठ्या मैदानसाखळ्या उभ्या राहिल्या. येथे प्रतिष्ठेचा प्रश्न जवळपास नव्हता, प्रत्येक फेरीमागे मिळणाऱ्या उत्पन्नाचा सरळ हिशेब होता. अमेरिकेतील काही क्लबांतही परतफेडीच्या ठेवीची पद्धत होती. तेथे नवे सदस्य आल्याशिवाय राजीनामा देणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, अशी अट असल्याने संकट सावकाश पसरले. रिसॉर्ट घेताना या ठेवींचा बोजा कोणावर राहणार, हा करारातील कळीचा मुद्दा असतो.

वेंटवर्थ : लंडनजवळच्या या क्लबची मूळ मैदाने रचनाकार हॅरी कोल्ट यांनी १९२० च्या दशकात आखली. उपाहारगृहांच्या व्यवसायातील रिचर्ड केअरिंग यांनी २००४ मध्ये तो १३ कोटी पौंडांना घेतला आणि २०१४ मध्ये १३.५ कोटींना चिनी मालकीच्या रेनवूड समूहाला विकला. दहा वर्षांतील फरक पाहता केवळ भाववाढीच्या आशेने असे व्यवहार फारसे लाभत नसावेत, असे दिसते. नव्या मालकांनी २०१५ मध्ये सदस्यसंख्या सुमारे चार हजारांवरून ८८८ वर आणण्याचे ठरवले. राहू इच्छिणाऱ्यांनी एक लाख पौंडांचा डिबेंचर (क्लबचा कर्जरोखा) घ्यावा आणि वार्षिक वर्गणी जवळपास दुप्पट भरावी, असा प्रस्ताव होता. आठ हा आकडा चिनी लोकांत शुभ मानतात, हे त्या संख्येचे उघड कारण. भोवतालच्या वसाहतीतील रहिवाशांनी विरोधासाठी १९६४ च्या वेंटवर्थ इस्टेट कायद्याचा आधार शोधला. खाजगी वसाहतीसाठी संसदेने वेगळा कायदा केलेला असणे ही ब्रिटनमध्येही विरळ गोष्ट आहे. शेवटी अटी सौम्य करून तडजोड झाली.

स्पर्धा व मालकी : मोठ्या स्पर्धेचे यजमानपद खरेदीखतात येत नाही. ब्रिटनमधील ओपन स्पर्धा कोठे भरवायची ते आर अँड ए (रॉयल अँड एन्शंट क्लबातून निघालेली संस्था) ठरवते. टर्नबेरीत ती १९७७, १९८६, १९९४ व २००९ मध्ये झाली. १९७७ मधील टॉम वॉटसन व जॅक निक्लॉस या खेळाडूंची लढत त्या मैदानाची मोठी पुण्याई. हे मैदान १९८७ मध्ये जपानी निट्टो कोग्यो कंपनीकडे, १९९७ मध्ये स्टारवुड या हॉटेल कंपनीकडे, २००८ मध्ये ५.५ कोटी पौंडांना दुबईच्या लीजरकॉर्पकडे आणि २०१४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेले. शेवटची किंमत सुमारे ३.५ कोटी पौंड सांगितली जाते. ट्रम्प यांनी मैदानाची फेररचना केली आणि जाणकारांनी तिची वाखाणणीही केली. पण जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकी संसदेवरील हल्ल्यानंतर, नजीकच्या काळात तेथे स्पर्धा घेणार नसल्याचे आर अँड एने जाहीर केले. ट्रम्प यांनीच २०१२ मध्ये १५ कोटी डॉलरांना घेतलेल्या फ्लोरिडातील डोरल रिसॉर्टवरून पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक मालिकेतील स्पर्धा २०१७ मध्ये मेक्सिको सिटीला हलली होती.

उलट उदाहरणेही आहेत. उद्योजक टेरी मॅथ्यूज यांनी १९८० च्या सुमारास वेल्समधील एक जुने प्रसूतिगृह घेतले. त्यांचा स्वतःचा जन्म तेथेच झाला होता. त्याभोवती उभ्या राहिलेल्या सेल्टिक मॅनर रिसॉर्टला २०१० ची रायडर चषक स्पर्धा (युरोप विरुद्ध अमेरिका संघांची) मिळाली. आयर्लंडमधील अडेर मॅनर उद्योजक जे. पी. मॅकमॅनस यांनी घेऊन रचनाकार टॉम फॅझिओ यांच्याकडून मैदान नव्याने करवून घेतले आणि तेथे २०२७ ची रायडर चषक स्पर्धा ठरली. या दोन्ही मालकांनी परताव्याची घाई केली नाही, असे दिसते.

अलीकडील व्यवहारांपैकी ओरॅकल कंपनीचे लॅरी एलिसन यांनी २०१२ मध्ये हवाईतील लानाई बेटाचा ९८ टक्के भाग त्यावरील रिसॉर्टांसह घेतला. अमेरिकी उद्योजक फिलिप अँशुट्झ यांच्याकडे अमेरिकेतील ब्रॉडमूर (२०११) व सी आयलंड ही रिसॉर्टे आहेत. रिलायन्स उद्योगसमूहाने एप्रिल २०२१ मध्ये ५.७ कोटी पौंडांना इंग्लंडमधील स्टोक पार्क घेतले. तेथील प्रासाद अठराव्या शतकाच्या अखेरचा असून मैदान कोल्ट यांनी १९०८ मध्ये आखलेले आहे. खरेदीनंतर त्याच वर्षी नूतनीकरणासाठी क्लब बंद करण्यात आला.

सदस्यांनीच मैदान विकत घेण्याची उदाहरणे थोडी आहेत. स्कॉटलंडमधील लॉक लोमंड क्लब मूळ प्रवर्तकाच्या कर्जामुळे बँकेच्या ताब्यात गेला होता. २०११ मध्ये सदस्यांनी तो बँकेकडून विकत घेतला.