सिलेन (सिलिकायुक्त रबरातील)

सिलेन कपलिंग एजंट म्हणजे सिलिका आणि रबर यांची सांधेजोड करणारे रसायन. भोसरी-चाकणच्या रबर कारखान्यांत त्याला नुसते 'सिलेन' म्हणतात. गंधकाने क्युअर होणाऱ्या (तापवून पक्क्या होणाऱ्या) कंपाउंडमध्ये, म्हणजे रबर व रसायनांच्या मिश्रणात, ते बहुधा टीईएसपीटी हे गंधकयुक्त सिलेन असते : फिकट पिवळा, अल्कोहोलचा मंद वास असलेला द्रव.

सिलिका ही रबराला बळकटी देणारी पांढरी भुकटी. तिच्या कणांवर हायड्रॉक्सिल गट दाटीने असतात. त्यामुळे कण ओल धरतात, एकमेकांना बिलगतात. एसबीआर (स्टायरिन-ब्युटाडाइन हे कृत्रिम रबर) किंवा नैसर्गिक रबराशी मात्र त्यांचे जमत नाही. सिलेनशिवाय केलेली बॅच घट्ट होते, मूनी व्हिस्कॉसिटी (कच्च्या कंपाउंडचा दाटपणा) चढते, आणि सिलिका अ‍ॅक्सिलरेटर (क्युरिंग वेगाने करणारे रसायन) शोषून घेत असल्याने क्युरिंग रेंगाळते. कडकपणा भरपूर दिसतो, पण तो फसवा. तो कणांच्या आपसांतल्या जाळ्याचा असतो आणि रबर थोडे ताणले की जाळे तुटून मॉड्युलस (ताणाला होणारा विरोध) घसरतो. यालाच पेन परिणाम म्हणतात. केवळ शोर-ए (कडकपणाचे माप) पाहून बॅच पास करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

सिलेनच्या टोकांचे एथॉक्सी गट सिलिकेशी बांधले जातात, एथेनॉल बाहेर पडते. मधली गंधकाची साखळी पुढे क्युरिंगच्या वेळी रबराला धरते. मग पेन परिणाम उतरतो, ३०० टक्के ताणावरचा मॉड्युलस वाढतो, झीज आणि उष्णतासंचय कमी होतात. तुटेपर्यंत ताणले जाण्याची क्षमता थोडी घटते, एवढे मोल द्यावे लागते. टायरमध्ये ६० अंश सेल्सिअसला टॅन डेल्टा (रबरात वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप) खाली येतो, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) घटतो; ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. मिशेलिनचा १९९२ चा 'ग्रीन टायर' सिलिका-सिलेनच्या याच जोडीवर उभा राहिला. भारतात टायरचे हे दोन गुण आणि आवाज एआयएस-१४२ या मानकाने तपासतात. ते पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केले आहे.

फॉर्म्युला बरोबर असूनही बॅच बिघडते ती बहुतेकदा मिक्सिंगमध्ये. नीडर किंवा बॅनबरी या मिक्सिंग यंत्रांतले कंपाउंड १४० ते १५० अंशांवर काही मिनिटे राहावे लागते. त्याखाली अभिक्रिया अर्धवट राहते आणि उरलेले एथेनॉल साच्यात बाहेर पडून मालात बुडबुडे येतात. १६० च्या वर टीईएसपीटीतला गंधक सुटतो नि कंपाउंड स्कॉर्च होते, म्हणजे साच्यात जाण्याआधीच क्युअर होऊ लागते. डीपीजी हा अ‍ॅक्सिलरेटर घातल्यास सिलिकेशी होणारी जोडणी वेगाने होते.

मात्रा सिलिकेच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के. ५० भाग सिलिकेला ४ भाग सिलेन. बाजारात मिळणारे काळे, दाणेदार 'ड्राय सिलेन' मात्र निम्मे कार्बन ब्लॅक असते, त्यामुळे ते ८ भाग तोलावे लागते. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. पेरॉक्साइडने क्युअर होणाऱ्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला टीईएसपीटी चालत नाही, तिथे व्हिनाइल सिलेन घेतात.

पुण्याच्या पावसाळ्यात सिलिकेची उघडी पोती ओल ओढतात, त्यामुळे तीच कृती जुलैत वेगळी वागते. सिलेनच्या ड्रमचे झाकण सैल राहिले तर हवेतल्या ओलीने आतला द्रव हळूहळू घट्ट होत जातो.