पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचा आहे? पात्रता, कागदपत्रं आणि ठाण्याने नकार दिला तर पुढे काय

ठाण्यात लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर ‘आवक’चा शिक्का मिळाला, की बरेच जण गुन्हा नोंदला गेला असं समजून घरी जातात. प्रत्यक्षात तो फक्त तक्रार अर्ज असतो. दोन महिन्यांनी विमा कंपनी एफआयआरची प्रत मागते, तेव्हा गुन्हा दाखलच नसल्याचं कळतं. म्हणून ठाण्यातून बाहेर पडताना हातात नेमका कोणता कागद आहे, हे आधी बघा.

कागद तीन प्रकारचे असू शकतात. पहिला हा अर्ज. दुसरा अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे ‘एनसी’. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा तक्रारी तिथे जातात, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. तिसरा एफआयआर, म्हणजे प्रथम खबरी अहवाल. त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि लावलेली कलमं असतात. ‘गु.र.नं.’ दिसला तरच गुन्हा दाखल झाला असं समजा.

खबर कोण देऊ शकतं?

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती असलेली कोणतीही व्यक्ती. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच यायला हवं असं नाही. नातेवाईक, शेजारी, रस्त्यावरून जाणारा साक्षीदार, कोणीही फिर्याद देऊ शकतो. फी नाही. तोंडी सांगितलं तरी चालतं. ते लिहून घेणं, वाचून दाखवणं आणि मग सही घेणं हे पोलिसांचं काम आहे. फिर्यादी किंवा पीडित व्यक्तीला प्रत मोफत मिळते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि जुन्या कलम १५४ ऐवजी आता कलम १७३ लागू आहे. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी खबर घ्यावीच लागते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. तो नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर त्यामुळे कायद्यात बसत नाही. दोन, खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण तीन दिवसांत सही केली तरच ती नोंदवली जाते. ऑनलाइन तक्रार टाकून निश्चिंत होणाऱ्यांचं इथेच चुकतं.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडित महिलेची खबर महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. अशा गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १९९ खाली पोलीस अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र गुन्हा आहे.

सोबत काय न्यावं?

ओळखपत्र जवळ असलेलं बरं, पण ते नाही म्हणून खबर नाकारता येत नाही. बाकीची कागदपत्रं प्रकरणानुसार. वाहन चोरीला गेलं असेल तर नोंदणी पुस्तिका, विमा आणि किल्ल्या. विमा कंपन्या पुढे दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून त्या जपून ठेवा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर ठाण्याची वाट धरण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवण्यासाठी वेळ फार थोडा असतो. मग व्यवहाराचा क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि समोरच्याचे नंबर घेऊन जा. मारहाण झाली असेल तर आधी उपचार घ्या. दवाखान्यातली नोंद पुढे पुरावा म्हणून कामी येते.

मोबाइलचं थोडं सविस्तर सांगायला हवं. खोक्यावर किंवा बिलावर पंधरा अंकी आयएमईआय नंबर असतो. तो फिर्यादीत लिहिला गेला का, हे स्वतः अंक ताडून बघा. फोन चोरीला गेला असेल तर कागदावर ‘चोरी’ हाच शब्द यायला हवा. ‘गहाळ’ अशी नोंद झाली, तर ती हरवलेल्या वस्तूची नोंद ठरते आणि चोरीचा तपास सुरू होत नाही. बिल नेण्याला आणखी एक कारण आहे: नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे किंमत कागदावर दाखवता येणं महत्त्वाचं ठरतं.

मूळ कागद शक्यतो देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ कागद पुरावा म्हणून हवेच असतील तर जप्ती पंचनाम्यात त्यांचा उल्लेख करून घ्या. आणि जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. वेळ, ठिकाण, रक्कम, नावं यात चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. नंतर दिलेल्या पुरवणी जबाबाला कोर्टात तेवढं वजन राहत नाही.

ठाण्यात आणि ठाण्याच्या वर कोण?

समोरच्या टेबलावर ठाणे अंमलदार बसतो. प्रभारी अधिकारी मात्र पोलीस निरीक्षक, लहान ठाण्यांत सहायक पोलीस निरीक्षक आणि मुंबईत वरिष्ठ पोलीस निरीक्षक. टेबलावर अडलं तर आत जाऊन त्यांना भेटा. जिल्ह्यात काही ठाणी मिळून उपविभागीय पोलीस अधिकारी, त्यांच्यावर पोलीस अधीक्षक, काही जिल्हे मिळून परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक आणि सर्वांत वर मुंबईत पोलीस महासंचालक. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या आयुक्तालयांत हीच उतरंड सहायक आयुक्त, परिमंडळाचे उपायुक्त, पोलीस आयुक्त अशी चढते. उपायुक्त हे अधीक्षकांच्या दर्जाचे अधिकारी.

गावातले पोलीस पाटील माहिती ठाण्यापर्यंत पोहोचवू शकतात, एफआयआर नोंदवू शकत नाहीत. रेल्वेत चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, सरकारी माणसाने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (१०६४), आणि या क्षणी धोका असेल तर ११२. पुण्याचा राज्य गुन्हे अन्वेषण विभाग किंवा दहशतवादविरोधी पथक रोजच्या तक्रारींसाठी नाहीत.

नकार मिळाला तर

ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितलं आहे की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नवीन कायद्यात एक सवलत मात्र आहे: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, तीही चौदा दिवसांत. ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकायला मिळालं तर परवानगी कोणी दिली आणि कोणत्या तारखेला, हे लेखी विचारा.

तरीही नोंद होत नसेल तर खबरीचा मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, टपालाने पाठवा. स्पीड पोस्ट करा आणि पावती सांभाळा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा लागतो. तीच ती टपालाची पावती. ती नसल्याने चांगल्या प्रकरणातही अर्ज अडतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

गुन्हा नोंदला गेल्यावर

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तपास अधिकाऱ्याचं नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्या. जबाबासाठी बोलावणं आलं तर लक्षात ठेवा: महिला, पंधरा वर्षांखालील मुलं, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना घराबाहेर बोलावता येत नाही, अधिकाऱ्यानेच त्यांच्या घरी जायचं असतं.

दोषारोपपत्र न पाठवता तपास बंद झाला तर आपल्याकडे महाराष्ट्रात पोलीस न्यायालयात ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली तक्रार. ही समरी मंजूर करण्याआधी न्यायालयाने फिर्यादीचं म्हणणं ऐकायला हवं. नोटीस आली की ती बाजूला ठेवू नका. ठरलेल्या तारखेला हजर राहून हरकत लेखी द्या. विशेषतः ‘बी’ समरीत, कारण तिथे तुमच्याच तक्रारीवर खोटेपणाचा शेरा बसतो.