चेरी काउंटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रॅस्का राज्याची क्षेत्रफळाने सर्वांत मोठी काउंटी. क्षेत्रफळ सु. १५,५६० चौ. किमी.; लोकसंख्या ५,४५५ (२०२०). राज्याच्या उत्तर सीमेवरील ही काउंटी कनेटिकट या अख्ख्या राज्याहून विस्ताराने मोठी आहे. स्थापना १८८३. फोर्ट नायोब्रारा या लष्करी ठाण्यावरील लेफ्टनंट सॅम्युएल चेरी १८८१ मध्ये मारला गेला. त्याचे नाव काउंटीस दिले आहे. मुख्य ठाणे व्हॅलेंटाइन (लोकसंख्या २,६३३).

काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्स या गवताळ वाळूच्या टेकड्यांनी व्यापला आहे. पश्चिम गोलार्धातील स्थिरावलेल्या वालुकागिरींचे हे सर्वांत मोठे क्षेत्र होय. त्यांच्या वयाबद्दल मतभेद आहेत. या टेकड्या हिमयुगात, म्हणजे प्लाइस्टोसीन काळात, तयार झाल्या व तेव्हापासून जवळजवळ निश्चल आहेत, असे पूर्वी मानीत. वाळूखाली गाडलेल्या सेंद्रिय थरांचे किरणोत्सर्गी कार्बनद्वारे आणि पुढे वाळूच्या कणांचे प्रकाशदीप्तीद्वारे (कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे दाखविणाऱ्या पद्धतीने) कालमापन झाल्यावर हे मत मागे पडले. होलोसीन काळात, म्हणजे हिमयुगानंतरच्या चालू काळात, दीर्घ अवर्षणांत गवत मरून वाळू पुनःपुन्हा हलली असावी. शेवटची मोठी हालचाल सु. ८०० ते १,००० वर्षांपूर्वीची दिसते. मूळ वाळू त्याआधीची असू शकते, त्यामुळे दोन्ही मते सर्वस्वी परस्परविरोधी नाहीत. तथापि आजचा आकार अलीकडचा, हेच अधिक ग्राह्य वाटते. स्थैर्य मात्र गवताच्या मुळांपुरतेच. गुरांच्या पायवाटेने हिरवळ फाटली की वारा तेथे खड्डा कोरीत जातो. असे खड्डे (ब्लोआउट) बुजविण्यासाठी पशुपालक त्यांत वाळके गवत, कधी जुने टायरही टाकतात.

पावसाचे पाणी वाळूत मुरून ओगालाला या भूगर्भातील जलधर थरास मिळते. भूजल इतके वर आहे की टेकड्यांमधील खोलगट जागी तळी साचतात; इतरत्र पवनचक्की पाणी उपसून गुरांच्या गोल टाकीत सोडते. नायोब्रारा ही प्रमुख नदी. तिच्या काठचा स्मिथ धबधबा (सु. १९ मी.) राज्यातील सर्वांत उंच आहे.

गुरेपालन हाच मुख्य व्यवसाय. वसाहतकऱ्यांस सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या कायद्याने मिळणारे १६० एकर येथे अपुरे पडत, म्हणून १९०४ च्या किंकेड कायद्याने ६४० एकर देऊ केले. वसाहतकरी आले, १९०७ मध्ये कृष्णवर्णीयांची डेविटी ही वस्तीही उभी राहिली. १९२० मध्ये लोकसंख्या ११,७०० च्या पुढे गेली होती. पण नांगरलेली वाळू उडू लागली, ६४० एकरही पुरेनात, आणि जमिनी मोठ्या पशुपालकांकडे गेल्या. डेविटीही ओस पडली. आज सु. तीन चौ. किमी.मागे एक माणूस राहतो, आणि निम्मे लोक तर व्हॅलेंटाइनमध्येच आहेत. कोडी, मेरिमन, किलगोर, वुड लेक इ. बाकीची खेडी. काउंटीच्या पूर्व भागात मध्य प्रमाणवेळ व पश्चिम भागात पर्वतीय प्रमाणवेळ पाळतात.