जॉन कोल्ट्रेन : रियाजाची वीस आणि कीर्तीची दहा वर्षं

१९५७ साली जाझमधला नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला आपल्या बँडमधून काढून टाकलं. कारण होतं हेरॉइन. तेव्हा कोल्ट्रेन तिशीचा होता, आणि आज ज्या कामामुळे तो ओळखला जातो, ते जवळजवळ सगळं व्हायचं होतं.

त्याचा जन्म १९२६चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेटचा. बालपण हाय पॉइंट या गावी गेलं. साधारण बाराव्या वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने वडील आणि आजोबा गेले. पुढे कुटुंब फिलाडेल्फियाला आलं, आईने सॅक्सोफोन घेऊन दिला आणि पोरगा रियाजाला जो बसला तो उठलाच नाही. नौदलातली नोकरी, मग ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचा बँड, १९५५पासून माइल्स. एवढा अनुभव गाठीशी असूनही तो स्वतःच्या नावाने उभा राहिला नव्हता.

हकालपट्टीनंतर त्याने व्यसन सोडलं. पुढे त्याने लिहिलं की, ईश्वरकृपेने १९५७ साली आपल्याला आध्यात्मिक जाग आली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत पियानोवादक थेलोनियस मंकसोबत काही महिने वाजवायला मिळालं. माझ्या मते त्याची खरी तालीम तिथे झाली.

१९५९ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘जायंट स्टेप्स’ ही रचना ऐकून बघा. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, इतक्या झपाट्याने बदलतात की पियानोवर टॉमी फ्लॅनागनसारखा मुरलेला वादक असूनही त्याचं एकल वादन अडखळतं. कोल्ट्रेन मात्र प्रत्येक वळण तोंडपाठ असल्यासारखा सुसाट जातो. आणि पुढच्याच वर्षी हा माणूस नेमकी उलट वाट धरतो! ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये मोजक्या कॉर्डवर तेरा मिनिटांहून जास्त वेळ आलापी चालते. तो रविशंकर यांचं वादन मन लावून ऐकत होता. नोव्हेंबर १९६१मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्याने ‘इंडिया’ वाजवलं. त्यात दोन बेस, म्हणजे खर्जातली मोठी तंतुवाद्यं, मिळून तंबोऱ्यासारखा आधार धरतात. १९६५ साली झालेल्या मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं.

सप्टेंबर १९६३मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. त्यानंतर त्याने ‘अलाबामा’ ही रचना केली. तिच्यात शब्द नाहीत. ते दुःख फक्त सॅक्सोफोन सांगतो.

‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीत ध्वनिमुद्रित झाला. मॅकॉय टायनर पियानोवर, जिमी गॅरिसन बेसवर, एल्विन जोन्स ड्रमवर. सुरुवातीला बेसवर चार सुरांचा एक तुकडा येतो. कोल्ट्रेन तो वेगवेगळ्या पट्ट्यांतून फिरवतो आणि मग त्याच चार सुरांवर अल्बमच्या नावाचा जप सुरू होतो. चौथ्या भागात तर तो स्वतःची प्रार्थनाकविता सॅक्सोफोनवर अक्षरशः वाचतो. कविता अल्बमच्या वेष्टनावर छापलेली आहे. ती समोर धरून ऐकलं की ओळ न् ओळ जुळते.

नंतर त्याने ठरावीक ताल आणि कॉर्डची चौकटही सोडली. टायनर आणि जोन्स बाहेर पडले, पियानोवर पत्नी ॲलिस आली. अनेक जुने चाहते दुरावले. त्या काळातल्या ध्वनिमुद्रिका पचायला जड आहेत, पण गोंगाट म्हणून त्या बाजूला टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ‘अ लव्ह सुप्रीम’मधली प्रार्थनाच तिथे मोठ्याने चालू आहे. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याला एकेचाळिसावं वर्ष चालू होतं.